कॅन्सर बरा झाला, पण दुखणं गेलं नाही. त्याचं काय करायचं?

कोरांटी

नमस्कार मंडळी,

मी इथे वाचते रोज, लिहिते क्वचित. मागच्या आठवड्यात फॉलोअपला गेले होते. ओपीडीबाहेरच्या बाकावर शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "जीव वाचला, आता हात दुखतो म्हणून डॉक्टरांना काय सांगायचं?" चार वर्षांपूर्वी मीही स्वतःला हेच सांगत होते आणि त्यात माझं दीड वर्ष वाया गेलं. म्हणून हा धागा काढतेय.

माझी हकीकत अशी. उजव्या स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठीही काढल्या, मग केमो, मग २५ दिवस रेडिएशन. रिपोर्ट चांगले आले, घरात पेढे वाटले. दुखणं मात्र माझ्याजवळच राहिलं. काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला कातडी बधिर, पण तिथेच ब्लाउजची शिवण लागली की आग व्हायची. छातीभोवती कुणी पट्टा आवळून बसल्यासारखं वाटायचं. हात वर जाईना, तसे मी फडताळातले वरचे डबे एकेक करून खालच्या कप्प्यात आणले. हळद, जिरं, पोहे, शेवटी चहासाखरही. घरातल्यांनी कौतुकाने मदत केली. खांदा आखडत चाललाय हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

जिथे ऑपरेशन झालं तिथे मी एकदा विचारलं होतं. "रिपोर्ट उत्तम आहेत, थोडं दुखायचंच," असं उत्तर मिळालं. मी गप्प बसले. व्यायाम, फिजिओथेरपी हे शब्द कुणी काढले नाहीत.

पुढे एका मैत्रिणीने ओढून एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्यांनी पहिल्या दिवशी व्यायाम दिलाच नाही. अर्धा तास फक्त विचारलं. कुठे दुखतं, कधी दुखतं, आणि कसं दुखतं. "दुखतं म्हणजे काय? ठणकतं? चमक मारते? मुंग्या येतात? आग होते? ओढ बसते? भरून येतं?" तोपर्यंत मी सगळ्याला "दुखतं" म्हणत होते. एकेक शब्द घेऊन बसल्यावर कळलं की माझ्या एका हातात तीन वेगळी दुखणी आहेत.

आग आणि बधिरपणा नसेचा. काखेतून दंडाच्या आतल्या कातडीकडे जाणारी एक बारीक नस असते, काखेतल्या गाठी काढताना ती ताणली जाते किंवा कापली जाते. ओढ होती ती काखेतून कोपरापर्यंत गेलेल्या दोरीची. हात बाजूला लांब केला की कातडीखाली तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ दिसायची. आणि रात्रीचा ठणका आखडलेल्या खांद्याचा. तिन्हींचे उपाय वेगळे. आगीसाठी रोज दोन वेळा त्या जागेवरून आधी कापूस, मग जुनं सुती पातळ, मग टर्किश टॉवेल अगदी हलक्या हाताने फिरवायचा, म्हणजे नसेला स्पर्शाची पुन्हा सवय होते. दोरीसाठी हळूहळू ताण देणं आणि त्यांच्या हाताने मोकळं करणं. खांद्यासाठी भिंत.

भिंतीचं सांगतेच. स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढत जायचं, मुंगीसारखं. जिथे ओढ बसेल तिथे थांबायचं, पाच श्वास घ्यायचे, उतरायचं. त्या जागी पेन्सिलीची रेघ आणि तारीख. पहिली रेघ माझ्या हनुवटीच्या उंचीवर होती. पाचव्या आठवड्यात बोटं कालनिर्णयच्या खिळ्याला लागली. घराला नंतर रंग दिला, तेवढी पट्टी मी राखली.

आज दुखणं शून्य नाही. पावसाळ्यात, दमल्यावर आग होते. पण डबे पुन्हा वर गेलेत.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. उपचारानंतर उरणारं हे दुखणं म्हणजे आपल्या मनाचे खेळ किंवा नाजूकपणा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ११व्या वर्गीकरणात, म्हणजे जे जानेवारी २०२२ पासून लागू आहे त्यात, कॅन्सरच्या उपचारांमुळे उरलेल्या जुनाट वेदनेला स्वतंत्र जागा आहे. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं तर ते जुनाट. तुम्हाला असं काही असेल तर इथे लिहा. काय केलं, कशाने बरं वाटलं, कशाने बिघडलं, सगळं.

रानवारा

वाचतोय. मी पुरुष, वय ५४, तोंडाचा कॅन्सर, डावा गाल. तंबाखू वीस वर्षं खाल्ली, ती सोडून आता सहा वर्षं झाली. गालाचं ऑपरेशन, मानेतल्या गाठी काढल्या, मग रेडिएशन.

माझी दोन दुखणी. पहिलं म्हणजे खांदा. गळ्याचं ऑपरेशन आणि दुखतो खांदा, हे घरी कुणाला पटेना. मानेतून एक नस खांद्याच्या मोठ्या स्नायूकडे जाते, गाठी काढताना तिला धक्का बसतो. नस वाचवली तरी काही महिने ती नीट काम करत नाही. खांदा खाली लोंबतो, मागचं पातं बाहेर येतं, आणि बाकीचे स्नायू त्याचा भार ओढून ओढून थकतात. मी त्याच खांद्याला पिशवी अडकवून बाजारात जायचो. ते बंद केलं. बसताना हाताखाली उशी. आणि आडवा रबरी पट्टा ओढून पात्यांच्या मधल्या स्नायूंना ताकद देण्याचा व्यायाम, आठवड्यातून तीनदा. चार महिन्यांनी फरक कळला.

दुसरं म्हणजे तोंड उघडणं. रेडिएशन संपल्यावर महिना-दीड महिन्याने जबडा धरायला लागला. साधारण तीन बोटं उभी मावली तर तोंड ठीक उघडतं असं धरतात. माझं दीड बोटावर आलं. भाकरीचा तुकडा जाईना, जांभई आली की कानापर्यंत कळ. मला आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या. काड्यांची चवड दातांमध्ये सरकवायची, मग मधे एक काडी वाढवायची, तसंच धरून ठेवायचं. दिवसातून पाच-सहा वेळा. मी ११ काड्यांवर सुरुवात केली, आज १९ जातात. आठवडाभर सोडलं की दोन काड्या कमी होतात, म्हणून सोडत नाही. रेडिएशनने ऊती कडक होण्याचं काम पुढे वर्षानुवर्षं चालू राहतं असं मला सांगितलंय.

ज्यांचं रेडिएशन अजून व्हायचं आहे त्यांनी तोंडाचे व्यायाम आधीच शिकून घ्या. मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

हाडवैरी नाही

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे, कॅन्सरचे पेशंट बरेच बघते. कोरांटीताई, तुमच्या फिजिओने आधी अर्धा तास ऐकून घेतलं हे वाचून बरं वाटलं. ठणका, चमक, मुंग्या, आग, ओढ हे शब्द पेशंट सांगतो तेव्हा निम्मं निदान त्याने केलेलं असतं. कृपा करून डॉक्टरांकडे जाताना "दुखतं" एवढंच म्हणू नका.

रानवारा, काड्यांचं अगदी बरोबर. ३५ मिलिमीटरपेक्षा तोंड कमी उघडत असेल तर आम्ही जबडा धरला असं मानतो. जोर लावून एकदम उघडायला जाऊ नये, थोडं पण वारंवार.

व्यायाम सुरू करण्याआधीचं एक काम सांगते. दुखणं उपचारांमुळे आहे की आजार परत आलाय, हे आधी डॉक्टरांनी तपासलेलं हवं. विशेषतः नवीनच सुरू झालेलं, एकाच हाडात रुतलेलं, रात्री झोपेतून उठवणारं आणि दिवसेंदिवस वाढत जाणारं दुखणं असेल तर. पाठ दुखतेय आणि सोबत पायातलं बळ कमी होतंय, किंवा लघवी-संडासचा ताबा जातोय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे व्यायामाची वाट बघायची नसते. हाडात आजार पसरलेला असेल तरी व्यायाम होतो, पण तो वेगळा आखावा लागतो. मान-पाठ मोडून घेणं तर अजिबात नको.

हे सगळं तपासून झालं आणि रिपोर्ट ठीक आले की मग मात्र घाबरून हात-पाय बांधून ठेवू नका. जुनाट दुखण्यात मज्जासंस्था हळवी झालेली असते. थोडी ओढसुद्धा तिला मोठा धोका वाटते. "हलवलं की दुखतं, म्हणून हलवत नाही, म्हणून आणखी आखडतं, म्हणून आणखी दुखतं," या चक्रात माणूस अडकतो. त्यातून बाहेर यायचं तर मोजून हालचाल करावी लागते. बऱ्या दिवशी सगळं घर आवरून टाकायचं आणि पुढचे तीन दिवस पडून राहायचं, हे माझे जवळपास सगळे पेशंट करतात. मी त्यांना सांगते, दहा मिनिटं कणीक मळून दुखणं वाढत असेल तर सात मिनिटांवर थांबा, बरं वाटत असलं तरी थांबा. आठवडाभर सात. मग आठ. वही ठेवा.

ब्रिटनमध्ये एक मोठा अभ्यास झाला होता, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनाच्या ऑपरेशननंतर खांदा आखडण्याचा धोका जास्त असलेल्या ३९२ बायका. निम्म्यांना नुसती माहितीपत्रकं, निम्म्यांना ऑपरेशननंतर सात ते दहा दिवसांत फिजिओच्या देखरेखीखाली व्यायाम. वर्षाने व्यायाम केलेल्यांचा हात जास्त चांगला चालत होता आणि दुखणंही कमी होतं. लवकर सुरू केल्याने जखमेचं काही बिघडलं नाही.

माळरान

आमची आई सांगलीकडे गावी असते. वय ६१. तिचंही काखेच्या गाठींसकट ऑपरेशन झालं, वर्ष झालं. घरी परत आली तेव्हा शेजारच्या बायकांनी बजावलं, "त्या हाताने काही करू नकोस, सुजेल." तिने शब्दशः ऐकलं. हात पोटाशी धरून फिरते. आता तो छातीच्या वर जात नाही. वेणी माझी बायको घालते. आई बोलत नाही, पण वेणी घालून घेताना तिचे डोळे भरतात हे मी पाहिलंय. मी पुण्यात, महिन्यातून एकदा जाणं होतं. तालुक्याला फिजिओ आहे पण एसटीने जायला दीड तास, आणि एसटीच्या दांड्याला धरायला तोच हात लागतो. घरच्या घरी काय करता येईल? आणि व्यायामाने हात खरंच सुजतो का?

हाडवैरी नाही

माळरानदादा, सुजेची भीती फार जुनी आहे आणि पूर्वी डॉक्टरही तेच सांगायचे, त्यामुळे शेजारणींचा दोष नाही. २००९ मध्ये अमेरिकेत हात आधीच सुजलेल्या १४१ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, अगदी हलक्यापासून हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. त्यांची सूज वाढली नाही. उलट सूज एकदम उसळण्याचे प्रसंग त्यांच्यातच कमी झाले. हळूहळू हा शब्द मात्र महत्त्वाचा. वर्षभर न हललेल्या हाताने एके दिवशी भरलेला हंडा उचलला तर त्रास होणारच.

एकदा तरी प्रत्यक्ष तपासणी करून आणा, त्या दिवशी गाडी करून न्या. तालुक्याच्या फिजिओला सांगा की महिन्यातून एकदा येऊ, मधे व्हिडिओ कॉलवर दाखवू. तोवर घरी हे करायला हरकत नाही:

उताणं झोपून लाटणं दोन्ही हातांनी धरायचं आणि चांगल्या हाताच्या जोराने दोन्ही हात डोक्याकडे न्यायचे. ओढ बसेल तिथवर, कळ येईल तिथवर नाही. सकाळ-संध्याकाळ दहा वेळा. चार दिवसांनी दाराच्या वरच्या कडीतून दोर टाकून खुर्चीवर बसून, विहिरीच्या रहाटासारखं एका हाताने खाली ओढत दुसरा वर. तोवर ठीक असेल तर कोरांटीताईंची भिंत.

दोन्ही दंडांचं माप टेपने घ्या, कोपरापासून ठरावीक अंतरावर, दर रविवारी. अंतर वहीत लिहून ठेवा, नाहीतर दर वेळी वेगळ्या जागी माप घेतलं जातं. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर तो जंतुसंसर्ग, त्याच दिवशी डॉक्टर. त्या हाताला चुलीचे चटके, विळीची कापणी, काट्यांची ओरखड यापासून जपायचं.

चाफेकळी

माझ्या सासूबाईंना एकाने ऑपरेशनच्या बाजूचा सुजलेला हात काढा घातलेल्या गरम तेलाने रोज जोरात रगडायला सांगितलंय. करावं का? शेकही घ्यायला सांगितलाय.

हाडवैरी नाही

ताई, जखम पूर्ण भरली असेल तर व्रणावर बोटांच्या टोकांनी, गोल, हलकं चोळणं चांगलंच आहे. खोबरेल तेल पुरे. सुजलेला हात जोरात रगडू नये. सूज उतरवायची मालीश पिसासारखी हलकी असते आणि ती शिकून घ्यावी लागते. तिच्याबरोबर पट्ट्या बांधणं, दाबाची बाही, व्यायाम आणि कातडीची निगा असा पाच-सहा आठवड्यांचा पूर्ण क्रम असतो. शेक अजिबात नको. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही, आणि रेडिएशन दिलेली कातडी लवकर पोळते. अशा भाजलेल्या जखमा मी पाहिल्या आहेत, त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत.

सातासमुद्रापार

+१ धाग्याला. मूळची कोल्हापूरची, आता अमेरिकेत न्यू जर्सीला. माझं दुखणं ऑपरेशनचं नाही, गोळीचं आहे. लेट्रोझोल, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरनंतर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करायला देतात ती गोळी, रोज एक, पाच वर्षं. तिसऱ्या महिन्यापासून सकाळी बोटं मिटेनात, चहाचं पातेलं दोन्ही हातांनी धरायचे. गुडघे तर सत्तरीतल्या बाईसारखे. गोळी बंद करायचं मनात ठरवलं होतं, डॉक्टरांना न सांगता. नर्सने पोटातलं ओळखलं.

तिने मला येल विद्यापीठातला अभ्यास दाखवला, २०१५ मध्ये छापलेला. अशाच गोळीने सांधे दुखणाऱ्या १२१ बायका, वर्षभर. आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि दोनदा ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांचं सगळ्यात वाईट दुखणं २९ टक्क्यांनी उतरलं. मी चालायला लागले तेव्हा पहिले तीन आठवडे दुखणं वाढलंच, रडत चालले आहे मी. चौथ्या आठवड्यात सकाळचं आखडणं अर्ध्या तासावर आलं. गोळी चालू आहे. कुणी ही गोळी परस्पर बंद करायच्या विचारात असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, त्याच गटातली दुसरी गोळी बदलून देता येते.

अजून एक, या गोळीने हाडं ठिसूळ होतात. हाडांची घनता तपासल्याशिवाय पुढे वाकण्याची जोरकस आसनं करू नका.

पायवाट

मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑक्सॅलिप्लॅटिनची केमो. तेव्हा फ्रिजमधली ताकाची वाटी हातात घेतली तरी विजेसारखी चमक यायची. ती गेली, पण तळव्यांतल्या मुंग्या अजून आहेत. चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, शर्टाची गुंडी लागत नाही. केमो संपल्यावरही दोन-तीन महिने वाढतच गेलं, तेव्हा फार घाबरलो होतो. या औषधाने तसं होऊ शकतं हे नंतर कळलं.

मला ड्युलोक्सेटिन दिलं. घरी चिठ्ठी वाचून बायको म्हणाली, हे तर डिप्रेशनचं औषध, म्हणजे तुम्हाला वेड लागलंय असं वाटतंय का त्यांना? तसं नाही. केमोने झालेल्या नसांच्या वेदनेवर चाचण्यांमध्ये टिकलेलं औषध मुख्यतः हेच आहे. मुंग्या गेल्या नाहीत, जळजळ कमी झाली. आणि रोजची कामं: ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर उभं राहणं, तांदळाच्या डब्यात हात घालून न बघता वाटाणे शोधणं, झोपण्याआधी आरशाने तळवे तपासणं. आंघोळीचं पाणी कोपराने बघायचं, पायाने नाही. बंद चप्पल, मागे पट्टा असलेली. मागच्या वर्षी दोनदा पडलो होतो, यंदा एकदाही नाही.

हाडवैरी नाही

पायवाट, वाटाण्यांची युक्ती मी पेशंटना सांगणार. एकच जोड: टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी) चालू असणाऱ्यांनी ड्युलोक्सेटिन घेण्याआधी दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं सांगा, ही दोन औषधं एकमेकांत लुडबूड करू शकतात.

कोरांटी

सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलंच होतं, ते लिहिते. शरीरापेक्षा जास्त मला भीतीने छळलं. बरगडीत कळ आली की रात्रभर जागी, परत आला असेल का म्हणून. दुखणं आणि जागरण एकमेकांना वाढवतात. माझ्या डॉक्टरांनी एक नियम ठरवून दिला: नवीन दुखणं दिसलं की तारीख लिही, दोन आठवडे रोज शून्य ते दहात मोज. उतरत असेल तर सोडून दे. तसंच राहिलं किंवा वाढलं तर मला फोन कर, मी हसणार नाही. त्या "हसणार नाही"ने मला झोप लागायला लागली. चार वर्षांत दोनदाच फोन करावा लागला.

माळरान

दोन महिन्यांनी लिहितोय. आईला तालुक्याला नेलं, गाडी करून. फिजिओबाई फार चांगल्या निघाल्या. सूज थोडीशीच आहे, दाबाची बाही दिली, ती दर सहा महिन्यांनी बदलायची म्हणे, कारण ताण सैल होतो. लाटण्याचा व्यायाम दोन आठवडे केला, मग दाराच्या कडीचा दोर. शेजारच्या बायका सुरुवातीला बघायला यायच्या, आता त्यांतल्या एक काकू, ज्यांचा खांदा साखरेमुळे आखडलाय, त्याही दोर ओढायला बसतात.

मी शनिवारी गेलो होतो. आईने मला समोर बसवलं आणि केस पुढे घेऊन स्वतः वेणी घातली. अंबाडा अजून होत नाही, हात मानेच्या मागे पोचतो पण तिथे टिकत नाही. "दिवाळीपर्यंत जमेल," म्हणाली. कोरांटीताई, भिंतीवर रेघा मारायला तिने माझ्या मुलीची पेन्सिल घेतलीय, आणि मुलीने शेजारी स्वतःच्या उंचीच्याही मारल्यात.

एक प्रश्न आहे. बाही घालून शेतात भांगलण केली तर चालेल का? ती विचारतेय, मी नको म्हणालो तर ऐकणार नाही.

हाडवैरी नाही

चालेल. हातमोजे घालून, सकाळच्या उन्हाआधी, पंधरा मिनिटांपासून सुरुवात. दुसऱ्या दिवशी दंडाचं माप घ्या. वाढलं नसेल तर पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं.